खांदेरीच्या दीपगृहावरच्या जुन्या कामगारांची माहिती हवी आहे

मंडळी, मदत हवी आहे. माझे पणजोबा अलिबागजवळच्या थळचे, समोरच्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहावर नोकरीला होते असं आजी सांगायची. दीपगृह 1867 चं, बेटावरचा किल्ला त्याच्याही आधीचा, शिवाजी महाराजांनी 1679 ला बांधायला घेतलेला, हे माहितीये पण तिथे रात्ररात्र जागून दिवा सांभाळणाऱ्या माणसांबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. घरी त्यांची एक वही आहे, कडा खाऱ्या हवेने पिवळ्या पडल्यात, आत मोडीत रोजचा वारा नि घासलेटचा हिशोब. अशा कामगारांची जुनी रजिस्टरं कुठे बघायला मिळतील? आणि अलिबागकडे कोणी मोडी वाचणारं आहे का? प्लीज कळवा.