ब्राझीलसारखं आपल्या शाळेत गावचाच माल घेतला तर?

यावलची सून
तीन एकर केळी आहे आमची. मागच्या कापणीला व्यापाऱ्याने जाहीर भावापेक्षा क्विंटलमागे अडीचशे कमी लावले, तेही घड पिवळे पडायला लागल्यावर. असो, आजचा विषय तो नाही.

परवा एका प्रशिक्षणात ऐकलं की संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे कुटुंबशेतीचं दशक ठरवलंय. आणि ब्राझीलमध्ये २००९च्या कायद्याने शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले निदान ३० टक्के कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करणं बंधनकारक झालं, २०२६पासून तर ४५ टक्के. तेव्हापासून डोक्यात तेच. आमच्या शाळेत १४० पोरं. २०२३ला आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं सुरू झालं, तर केळं आलं बाजारातून. बाग शाळेच्या भिंतीला लागून!

आणखी एक. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, राबतो आम्ही दोघी जावा. मग शेतकरी कोण धरायचा?

गिरणाकाठ
ताई, आधी हिशेब करा. सगळ्या पोरांना दिलं तरी १४० केळी म्हणजे एक बरा घड. तुमची साडेचार हजार खोडं असतील. शिवाय शाळेला पिकलेलं लागतं, तुम्ही कापता कच्चं. एका घडासाठी पिकवायला कुठे जाणार?

चोपडेकर
भाऊंचा हिशेब बरोबर आहे, पण ब्राझीलचा जीव केळ्यात नाही, खरेदीच्या पद्धतीत आहे. तिथे या खरेदीला नेहमीचं टेंडर लागत नाही. स्थानिक बाजार बघून भाव आधीच जाहीर करतात आणि शेतकऱ्यांकडून प्रस्ताव मागवतात. आपल्याकडे सगळ्यात स्वस्त देईल त्याला ठेका, तिथे छोटा माणूस टिकेल कसा? आणि ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या २००६च्या कायद्यात आहे. जमिनीला मर्यादा आहेच, पण कष्ट मुख्यतः घरच्यांचे हवेत आणि कारभारही घरचाच. नोंद कुटुंबाची होते. आपण अल्पभूधारक ठरवतो तो नुसत्या हेक्टरवर.

हाच अनुभव २०१२पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संस्थांच्या मदतीने इथिओपिया, मलावी, मोझांबिक, नायजर आणि सेनेगलमध्ये नेला. तेव्हा गरीब देशात जमत नाही, हे कोणी सांगू नये.

खिचडीवाली
मी बचत गटाकडून शाळेत शिजवते. तांदूळ वरून येतो, डाळ-मसाला पुरवठादाराचा. आमच्या हातात फक्त भाजीपाला आणि सरपण. त्याचे पैसे आमच्याकडे तीन-तीन महिने येत नाहीत, तोवर उधारी माझ्या नावावर. कायदे करणाऱ्यांनी आधी हे बघावं. ताई, केळीचं राहू द्या, बांधावर काय आहे ते सांगा. आपला पोरेसले ताजी भाजी भेटनी तरी खूप.

यावलची सून
बांधावर गिलके, वाल, थोडी वांगी. मावशी, तीन महिन्यांची उधारी मला झेपायची नाही, पण आठ दिवसांची चालेल. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटते, तुम्हीही या. भाव यावलच्या बाजारातला धरू. आमचा धाकटा गिलके ताटाबाहेर काढून ठेवतो, तेवढं सांभाळून घ्या.