द्रव हेलियममध्ये पास, क्वेंचला नापास: इन्सुलेशन नक्की कुठे गेलंय?

कॉइलवाला: नायोबियम-टिनची (सुपरकंडक्टर तार), इपॉक्सी भरलेली छोटी चुंबकाची कॉइल. ४.२ केल्विनला हाय-पॉट (इन्सुलेशनवर जास्त व्होल्टेज देऊन केलेली चाचणी) २ किलोव्होल्टला बिनबोभाट पास. तिसऱ्या क्वेंचला (कॉइलची सुपरकंडक्टिव्हिटी अचानक जाऊन ती तापते, तेव्हा) मात्र ग्राउंड फॉल्टवर, म्हणजे करंट जमिनीकडे गळतोय म्हणून, ट्रिप. गरम करून मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावला तर १ किलोव्होल्टला ५ गिगाओहम! आता कापून बघायची का?

नवशिक्या: मेगर एवढा चांगला असेल तर सेन्सरच खोटं बोलत असेल.

जुना_टेपवाला: करवत खाली ठेवा. सेन्सरवरही एवढ्यात आळ नको.

क्वेंच झाला की द्रव उकळतो, कॉइलभोवती वायू होतो आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज चढलेलं असतं. द्रव हेलियम चांगला इन्सुलेटर, पण वायू फार दुबळा. दाब आणि अंतर वाईट जुळलं तर साधारण १५६ व्होल्टला फुटतो. हवेला किमान ३२७ लागतात. तुमच्या मेगरने हवा भरलेली भेग तपासली. ती पास होणारच.

आमच्या कॉइलला हाच रोग होता. व्हॅक्यूम टाकीत ठेवली, हेलियम थेंबाथेंबाने सोडला, ६०० व्होल्ट, करंटची मर्यादा १ मिलिअँपिअर (नाहीतर जागा जळून कार्बन होते, पुरावाच जातो). दिवे बंद करून खिडकीला कॅमेरा लावला. काही मिलिबारला व्होल्टेज टॅपच्या (कॉइलचं व्होल्टेज मोजायला काढलेल्या) वायरजवळ फिकट गुलाबी चमक! सोलून पाहिलं तर वायरवर टेफ्लॉनची स्लीव्ह. तिला इपॉक्सी चिकटत नाही, त्यामुळे आत केसाएवढी नळी राहिली होती. बाहेरून मात्र काम एकदम देखणं, मीच केलेलं.

आणि हो, चाचणीत सगळ्या वायरी, क्वेंच हीटरसकट (क्वेंच झाल्यावर सगळी कॉइल एकसारखी तापवणारी पट्टी), ग्राउंडला जोडा. अधांतरी ठेवलेली वायर दोष लपवते.

चुंबकमित्र: पक्का शॉर्ट असता तर कॉइलमधून थोडा डीसी सोडून दोन्ही टोकांचं ग्राउंडशी व्होल्टेज मोजता आलं असतं; गुणोत्तरावरून जागा कळते. २०१५ मध्ये एलएचसीत (सर्नचा मोठा कणप्रवेगक) एका चुंबकाच्या डायोडच्या डब्यात धातूचा कण अडकला होता. तो काही मिलिसेकंद जवळपास ४०० अँपिअर सोडून जाळला. इपॉक्सीतल्या भेगेवर हा प्रयोग नको!

कॉइलवाला: आज केलं. हीटर ग्राउंडला जोडून हवेत पुन्हा पास. हेलियमात ४५० व्होल्टला चमक, पण टॅपपाशी नाही. हीटरच्या सोल्डर जोडावर. सोल्डरचं टोक कॅप्टॉनमध्ये (इन्सुलेशनची पातळ प्लास्टिक फिल्म) रुतलंय. हीटर मी आजवर अधांतरीच ठेवत होतो.

जुना_टेपवाला: जोड कानशीने घासा, कॅप्टॉनचे दोन थर अर्धे अर्धे चढवून लावा आणि परत हेलियमात तपासा. हवेत नाही!