पोरीनं गाण्यात 'मले' म्हणावं की 'मला'? क्रॅनबेरीजच्या पहिल्या अल्बमवरून

पांदणरस्ता (यवतमाळ जिल्हा)
कापूस वेचणी सुरू आहे आणि आठ दिवसांपासून माझ्या कानात एकच अल्बम वाजून रायला. 'द क्रॅनबेरीज' या आयरिश बँडचा पहिला अल्बम, मार्च १९९३ चा. नाव लांबलचक आहे, 'एव्हरीबडी एल्स इज डूइंग इट, सो व्हाय कान्ट वुई?' म्हणजे सगळे करून रायले, मंग आपण काहून नाही? बारा गाणी, चाळीसेक मिनिटं.

गाणारी डोलोरेस ओ'रिऑर्डन तेव्हा एकवीस वर्षांची होती. लिमरिक शहराजवळच्या बॅलीब्रिकन या खेड्यातली. चर्चमध्ये गायची, तिथला ऑर्गन वाजवायची. आपल्याकडं भजनात पेटीवर बसणारी पोरगी असते, तशीच. तिच्या गाण्यात गावाकडचा उच्चार जसाच्या तसा आहे. लंडनच्या बायांसारखं बोलायचा प्रयत्न कुठंच नाही. मला वाटते, हा अल्बम तीस वर्षांनंतरही टिकून आहे तो त्या उच्चारामुळंच.

विषय काढायचं कारण माझी पुतणी. बारावीत आहे. ती आणि गावातले तीन पोट्टे, दोन गिटार अन् एक ढोलकी. पऱ्हाटीवर त्यांनी स्वतःचं गाणं बसवलं, त्याची ओळ 'वावर बलावते मले'. तालुक्याच्या एका कार्यक्रमात तालमीच्या वेळीच तिला सांगितलं, "मले नको, मला म्हण. लोक हसतील." पोरगी घरी येऊन जेवली नाही. तिनं 'मले'च म्हणावं हे माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

पेटीवाला
भाऊ, पोरीचं वाईट वाटलं, पण तुमचं कारण मला पटत नाही. मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. तो अल्बम उच्चारानं टिकला नाही, मांडणीनं टिकला.

हा बँड आधी पोरांचाच होता. १९८९ मध्ये नोएल अन् माईक होगन हे भाऊ आणि ड्रमर फर्गल लॉलर यांनी सुरू केला, पहिला गायकही पुरुष होता. तो गेल्यावर १९९० मध्ये डोलोरेस आली. नोएलनं तिला नुसत्या गिटारची कॅसेट दिली, त्यावर तिनं शब्द आणि चाल बांधून आणली, तेच 'लिंगर' हे गाणं. निर्माता स्टीफन स्ट्रीट, ज्यानं आधी 'द स्मिथ्स' या इंग्लिश बँडसोबत काम केलेलं. गिटार ऐका. किती बारीक आहे, किती जागा सोडते. तिघं मागं थांबतात म्हणून ती पुढं दिसते.

दुसरं म्हणजे, कोणत्याही उच्चारात असो, इंग्रजी ती इंग्रजीच. जगभर समजते. 'मले' नाशिकला गेलं की लोक हसतात, कारण विनोदी कार्यक्रमांनी वऱ्हाडीला हसवायची भाषा करून ठेवलं. तुकडोजी महाराज आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. पण ग्रामगीता त्यांनी सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहिली, भजनं हिंदीतही केली. त्यांची माती त्यानं कमी झाली का?

आणि गळ्याचं सांगतो. ओळ लांबवायची तर 'मला'चा 'आ' मोकळा सुटतो. रियाज आकारात करतात तो उगाच नाही. 'मले'चा 'ए' घशात दबतो.

पांदणरस्ता
दादा, मांडणीचं मान्य. महाराजांचा दाखला मात्र मला लागू वाटत नाही. त्यांना गावोगावी शिकवण पोचवायची होती, या पोरीला स्वतःचं मन सांगायचं आहे.

आणि तो दबलेला 'ए'च मला पाहिजे. पुतणी ओळ लांबवते तेव्हा 'ले'वर आवाज मधेच तुटते, छातीतून एकदम वर डोक्यात जाते. डोलोरेसचा आवाज ठिकठिकाणी तसाच तुटतो, आणि आपण नेमकं त्याच जागी थांबून ऐकतो. 'मला' म्हटलं की पोरीचा आवाज सरळ जातो. सुंदर लागते, पण कोणाचाही लागते.

हसण्याचं म्हणाल तर तो अल्बम निघाला तेव्हा इंग्लंडमध्येही आधी फारसं कोणी विचारलं नाही. अमेरिकेत दौरा झाला, टीव्हीवर गाणी चालली, 'लिंगर' तिथं आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. मग १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये अल्बम पहिला आला. जवळच्यांनी मागून ऐकलं.

झाडीपट्टीकर
इकडं गडचिरोलीतल्या वडसा भागात दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या बोलीत, गाणं म्हटलं तर कोणी हसत नाही, लोक तिकीट काढून बसतात. हसणारे बाहेरचे असतात. आधी आपल्या पंचवीस गावांत गाऊ द्या तिला.

शेवटची_बस
तुम्ही दोघंही पोरीनं कसं गावं यावर भांडून रायले. तिला गायला मिळते कधी, हे कोणी विचारलं?

माझी मुलगी अकरावीत आहे. तालुक्याहून शेवटची बस पावणेसहाला. ती ज्या पोट्ट्यांसंग गाते ते समाजमंदिरात सातनंतर जमतात, दिवसभर वावरात असतात म्हणून. तीन पोट्ट्यांसंग एकटी मुलगी, यावर विहिरीवर काय बोललं जाते ते तुमच्या कानावर येत नसेल, माझ्या येते. डोलोरेस सुरुवातीच्या कार्यक्रमांत लाजून लोकांकडं पाठ करून गायची, असं वाचलं होतं. माझी मुलगीही भिंतीकडं तोंड करून गाते. पण लाजून नाही. दारात उभ्या राहणाऱ्या बाया दिसू नयेत म्हणून.

मी आता रोज सात ते साडेआठ तिथं जाऊन बसते. गहू निवडायला घेऊन जाते. पहिल्या आठवड्यात दारातल्या बाया माझ्याकडं पाहत होत्या, आता दोघी आत येऊन बसतात. बँडमध्ये मुलगी पुढं उभी राहते म्हणजे घरातलं कोणीतरी तिच्या मागं बसलेलं असते. बॅलीब्रिकनमध्ये काय होतं मला माहीत नाही, पण आमच्या गावात हे आहे. 'मले' की 'मला' ते तिचं ती ठरवेल.

पेटीवाला
ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या दोन गायिका लग्नानंतर सुटल्या. दोघींचा आवाज चांगला होता. आम्ही कोणी त्यांच्या घरी जाऊन बोललो नाही.

पांदणरस्ता भाऊ, पोरीचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. कीबोर्ड मी दोनच सुरांवर धरतो, गिटारला जागा सोडतो. पण शेवटच्या ओळीत 'मला'च पाहिजे, हे मी अजून सोडलेलं नाही.

पांदणरस्ता
पाठवतो, आज रात्रीच. शेवटच्या ओळीतच तर तिचा आवाज तुटते, दादा. आधी ऐका.