पॉइंट टू-टू रायफलसाठी स्कोप सुचवा (बजेट ३०० डॉलर, रिंगांसकट)

ओहायोकर
नमस्कार मंडळी. कोलंबसजवळच्या एका क्लबात .२२ ची नेमबाजी करतो. रायफल सीझेड ४५७ अमेरिकन, बोल्टची. तिला लोखंडी साइट येतच नाहीत, त्यामुळे सध्या क्लबातल्या एका आजोबांची दुर्बीण उसनी लावली आहे. ती आता परत द्यायची आहे.

बहुतेक वेळ ५० यार्डांवर कागदी टार्गेट. कधीमधी १०० यार्डांवर लोखंडी प्लेटा. वसंतात आमच्याकडे रिमफायर स्पोर्टरचे (रिमफायर म्हणजे .२२ सारखी छोटी गोळी) सामने सुरू होतात, त्यात उतरायचं मनात आहे. शिकार करत नाही, करणारही नाही. वय ४६, चष्मा आहे.

विचारायचं ते असं: किती पटीची घ्यावी? आणि डब्यावर ‘रिमफायर’ लिहिलेली दुर्बीण खरंच वेगळी असते का, की नुसती विकण्याची युक्ती? बजेट ३०० डॉलर, त्यातच रिंगा बसवायच्या आहेत. त्यावर जाणार नाही.

टेक्सासचा_बाबू
डोळे मिटून व्होर्टेक्स डायमंडबॅक टॅक्टिकल ६-२४x५० (६ ते २४ पट, पुढचं भिंग ५० मिलिमीटर) घ्या. माझ्या दोन्ही रायफलींवर तीच आहे. १०० यार्डांवर गोळीचं भोक बसल्या जागी दिसतं, उठून टार्गेटपर्यंत जावं लागत नाही. बजेट थोडं वाढवा, ४०० करा. दुर्बीण एकदाच घ्यायची असते. वॉरंटी आयुष्यभराची, पावतीही मागत नाहीत.

नागपुरी_निशाणा
बाबूभाऊंना +१, फक्त मी व्होर्टेक्सऐवजी अ‍ॅथलॉन आर्गॉस घेईन. तीही ६-२४x५०. पॅरालॅक्सचा (डोळा हलला की नेमाचा क्रॉस टार्गेटवर सरकलेला दिसतो, तो दोष घालवायचा) नॉब बाजूला आहे आणि अगदी १० यार्डांपर्यंत खाली येतो. स्वस्तातल्या दुर्बिणींच्या वाट्याला जाऊ नका. मी सुरुवातीला एका अनोळखी कंपनीची घेतली होती. टरेट (नेम सरकवायचं बटण) चार क्लिक फिरवला की कधी दोन क्लिकांएवढा हलायचा, कधी सहा. उन्हाळाभर मी रायफललाच दोष देत बसलो. शेवटी दुर्बीण बदलली आणि त्याच दिवशी ग्रुप जुळला, भोकं जवळजवळ पडली.

करवीरकर
दुर्बीण कशाला लागते भावा? आमच्या कोल्हापुरात पोरं ५० मीटर डायॉप्टरवर (बारीक भोकाच्या पीप साइटवर) मारतात. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रायफलवर दुर्बीण चालतच नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (झोपून मारायच्या प्रकारची) विश्वविजेती झाली ती अशीच. स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्य आणलं तेही डायॉप्टरवरच. ३०० डॉलरमध्ये चांगली पीप साइट घ्या. श्वास आणि चाप यांवर ताबा आपोआप येईल.

टेक्सासचा_बाबू
करवीरकर, त्या लोकांबद्दल आदरच आहे. पण धागा काढणाऱ्यांनी ऑलिंपिकचं विचारलेलं नाही. चष्म्यातून ४६ व्या वर्षी पुढची साइट धूसर दिसायला लागते. पीप घेऊन ते काय करतील?

करवीरकर
पीपच्या बारीक भोकातून बघितलं की धूसरपणा कमी होतो, म्हणून तर ती वापरतात. चष्मा असलेले कितीतरी नेमबाज आहेत आमच्यात. दुर्बिणीचं व्यसन लागलं की मूळ नेम सुटतो, एवढंच सांगतो.

मीनल_सिएटल
मूळ प्रश्नाकडे येते. ‘रिमफायर’ ही नुसती युक्ती नाही. माझं कामच भिंगांचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या, नॉब नसलेल्या दुर्बिणीत पॅरालॅक्स कारखान्यातच एका अंतरावर पक्का केलेला असतो. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणीत तो बहुधा १०० किंवा १५० यार्डांवर असतो, रिमफायरच्या दुर्बिणीत ५० किंवा ६० वर. त्या अंतराच्या अलीकडे-पलीकडे बघताना डोळा मधोमध नसेल, तर क्रॉस टार्गेटवर सरकलेला दिसतो आणि गोळी तेवढी चुकते.

जास्तीत जास्त किती चुकेल ते काढता येतं. पुढच्या भिंगाचा अर्धा व्यास घ्या, त्याला दोन अंतरांमधल्या फरकानं गुणा आणि पक्क्या केलेल्या अंतरानं भागा. ४० मिलिमीटरचं भिंग आणि १५० यार्डांवर पक्की केलेली दुर्बीण ५० यार्डांवर वापरली, तर २० गुणिले १०० भागिले १५०, म्हणजे १३ मिलिमीटर. तीच ६० यार्डांची असेल तर ३.३ मिलिमीटर. .२२ ची गोळी साडेपाच मिलिमीटरची असते, यावरून अंदाज करा. गाल रोज त्याच जागी टेकत असेल तर प्रत्यक्षात चूक याहून बरीच कमी होते.

घरीच तपासा: रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, हात लावू नका, डोकं वर-खाली करा. क्रॉस टार्गेटवर हलला की समजायचं.

नागपुरी_निशाणा
तेच तर म्हणून राहिलो. बाजूला नॉब असलेली घ्या, सगळे प्रश्न मिटतात.

अण्णा_डलास
मी ही चर्चा वाचून थक्क झालो. सगळे काचेच्या मागे लागलेत, गोळीबद्दल एक शब्द नाही. .२२ मध्ये गोळी हाच अर्धा खेळ आहे. दुकानात मोठ्या डब्यात मिळतात त्या स्वस्त हायस्पीड गोळ्या १२०० फुटांच्या वर सुटतात आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येतात (आवाज साधारण ११२५ फूट सेकंदाला). तिथे गोळी डगमगते. सीसीआय स्टँडर्ड किंवा एसके स्टँडर्ड प्लस घ्या. दोन्ही १०७० च्या आसपास सुटतात, म्हणजे पहिल्यापासून आवाजाच्या खालीच. माझ्या रायफलीला एसके आवडते, तुमचीला दुसरी आवडेल. चार प्रकारचे एकेक डबे आणून बघा, जे जमेल त्याच लॉटचं खोकं घ्या.

आणि दुर्बीण घ्यायचीच तर सायट्रॉन १०-५०x६० बघा. माझ्या बेंचरेस्टच्या (टेबलावर टेकवून मारायच्या) रायफलीवर आहे. किंमत तुमच्या बजेटच्या बरीच वर आहे, पण एकदा त्यातून बघितलंत की दुसरं काही नको वाटेल.

ओहायोकर
अण्णा, गोळ्यांचं पटलं, धन्यवाद. पण सायट्रॉनची किंमत माझ्या रायफलीपेक्षा जास्त आहे. ३०० म्हणजे ३०० च.
मीनलताई, गणित मांडून दाखवल्याबद्दल मनापासून आभार. हे मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

हडपसरचा_हरी
माझी एक विनंती. ओहायोकर, तुम्ही दिवाळीला पुण्यात येणार असाल तर माझ्या एअर रायफलसाठी एखादी चांगली दुर्बीण आणाल का? पैसे लगेच देतो. इथे दुप्पट किंमत सांगतात.

मीनल_सिएटल
हरी, दुर्बीण आणायला कुणालाही सांगू नका आणि कुणी आणूही नये. रायफलच्या दुर्बिणी अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात. परवान्याशिवाय बॅगेत टाकून नेणं हा इथे गुन्हा ठरू शकतो. नेणाऱ्याची नोकरी आणि इथला मुक्काम, दोन्ही पणाला लागतं.

हा धागा नवीन आलेली मुलंही वाचत असतील, म्हणून आणखी एक. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर बंदूकच नव्हे, एक गोळीसुद्धा जवळ बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राच्या घरून रेंजवर जाण्याआधी हे बघून घ्या.

ओहायोकर
मी ग्रीन कार्डावर आहे, पण हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

हडपसरचा_हरी
हे माहीत नव्हतं ताई. इथेच बघतो.

मिशिगनवासी
सगळे प्रतिसाद वाचले. धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये ‘रिमफायर स्पोर्टर’ लिहिलंय, त्याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. मी ती स्पर्धा खेळतो. ओहायोतच लेक एरीच्या काठी कॅम्प पेरीला तिचा मोठा सामना होतो. नियम असे:

दुर्बीण जास्तीत जास्त ६ पटीची. बदलती असेल तर ६ वर ठेवून मारायचं. दुर्बिणीसकट रायफल साडेसात पौंडांच्या आत. ट्रिगर किमान ३ पौंडांचा. ५० यार्डांवर झोपून आणि बसून, २५ यार्डांवर उभ्यानं, हळू आणि जलद दोन्ही.

आता वजन जुळवून बघा. ४५७ अमेरिकन सव्वासहा पौंडांच्या आसपास. वर सुचवलेल्या ६-२४ दीड पौंडांच्या वरच्या. रिंगा धरल्या की रायफल आठच्या वर गेली. वजनकाट्यावरूनच परत पाठवतील. आणि २४ पटीचे पैसे मोजून ६ वरच मारायचं असेल तर उपयोग काय?

टेक्सासचा_बाबू
एका स्पर्धेपुरती दुर्बीण घ्यायची का? वर्षभर बेंचवर मारणार त्याचं काय? ६ पटीत १०० यार्डांवरचं भोक दिसणार नाही, लिहून देतो.

मिशिगनवासी
भोक बघायला बेंचवर स्पॉटिंग स्कोप (नुसती बघायची वेगळी दुर्बीण) ठेवतात. नेम धरायला भोक दिसावं लागत नाही, काळं वर्तुळ दिसलं की पुरे. उलट उभ्यानं मारताना २४ पटीत स्वतःच्या हृदयाचे ठोके क्रॉसमध्ये दिसतात, आणि चाप घाईनं ओढला जातो.

मीनल_सिएटल
यात डोळ्याचाही मुद्दा आहे. भिंगाचा व्यास भागिले पट, एवढा जाड प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. ५० ला २४ नं भागलं तर २ मिलिमीटर. डोकं जरा हललं की काळोख. ४० ला ६ नं भागलं तर साडेसहाच्या वर. चष्मेवाल्यांना, आणि जलद फेरीत प्रत्येक बोल्टनंतर पुन्हा डोळा लावायचा असतो तेव्हा, हा फरक फार जाणवतो.

करवीरकर
स्पोर्टरमध्ये उघड्या साइटचाही वेगळा वर्ग असतो ना? त्यात उतरा की. माझं मत तेच आहे.

अण्णा_डलास
गोळ्या विसरू नका.

ओहायोकर
निर्णय झाला. त्याच आजोबांशी बोललो. त्यांची उसनी दुर्बीण म्हणजे ल्युपोल्ड ३-९x४० रिमफायर, पॅरालॅक्स ६० यार्डांवर पक्का, वजन पाऊण पौंड. ते आता पीपवरच मारतात, म्हणून दीडशेला द्यायला तयार झाले. त्या कंपनीची हमी दुसऱ्या मालकालाही लागू असते. घेतली.

काल रेंजवर एकाच्या ६-२४ मधून बघितलं. चित्र मोठं आणि सुरेख आहे, बाबूंचं म्हणणं खोटं नाही. पण तिच्या मोठ्या भिंगासाठी रिंगा उंच लागतात. माझा गाल स्टॉकवरून उचलला जात होता आणि मान ताठ करून बघावं लागत होतं. या छोटीला खालच्या रिंगा पुरतात, गाल टेकला की डोळा आपोआप मधोमध येतो. रायफल दुर्बीण-रिंगांसकट काट्यावर ठेवली, साडेसातच्या आत आहे. उरलेल्या पैशात एसके आणि सीसीआय दोन्ही मागवल्यात.

टेक्सासचा_बाबू
तुमची मर्जी. पण १०० यार्डांवर ६० ची पॅरालॅक्स घेऊन बसाल तेव्हा मीनलताईंचंच गणित करून बघा, तिथेही १३ मिलिमीटरच येतात. नॉब हवाच होता.

नागपुरी_निशाणा
सहमत. नॉबवालीच पाहिजे होती भाऊ.

ओहायोकर
१०० यार्डांवर माझ्या प्लेटा तळहाताएवढ्या आहेत, तिथे १३ मिलिमीटर चालतील. ५० वर साडेतीनच्या वर जात नाही, आणि मला ५० वरच गुण हवेत.
एक शंका: या रायफलला वर ११ मिलिमीटरची खाच आहे. आजोबांच्या रिंगा त्यांना परत हव्यात. पिकॅटिनीच्या (आडव्या खाचांच्या पट्टीवर बसणाऱ्या) रिंगा बसतील का?

मिशिगनवासी
नाही बसणार. ११ मिलिमीटर डव्हटेलच्याच (तुमच्या त्या खाचेत बसणाऱ्या) घ्या, एक इंच नळीच्या, कमी उंचीच्या. वरचे स्क्रू १५ ते १८ इंच-पौंडांच्या पलीकडे आवळू नका, नळी दबते. आवळण्याआधी दुर्बीण आकाशाकडे धरून डोळ्याकडचं भिंग फिरवा, क्रॉस काळाभोर दिसेपर्यंत. चष्मा लावूनच करा, कारण मारतानाही तो असणारच.
आणि सामन्याआधी २५ आणि ५० या दोन्ही अंतरांचे क्लिक मोजून वहीत लिहून ठेवा. उभ्याच्या फेरीत आठवत बसायला वेळ मिळत नाही.