मराठवाड्यातील रीफ टाकी : स्किमर काढून शेवाळाचा स्क्रबर लावावा का?

खारेपाणी (छत्रपती संभाजीनगर)

माझी 300 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत क्लाउनफिशची एक जोडी, दोन डॅम्सेल मासे आणि काही मऊ प्रवाळ आहेत. (कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, कुणी 'सोय करून देतो' म्हणाले तरी ते घेऊ नयेत.) गेल्या दिवाळीत मी प्रोटीन स्किमर (पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर काढणारे यंत्र) काढला आणि संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, शेवाळाचा स्क्रबर (जाळीवर शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करणारी रचना) बसवला. पाच महिन्यांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की आपल्या भागाला हीच पद्धत अधिक मानवते.

रचना अगदी घरगुती आहे. भरतकामाची प्लास्टिकची जाळी करवतीच्या पात्याने घासून खरखरीत केली, पीव्हीसी पाइपला उभी चीर पाडून तीत ती लटकवली, वरून पंपाचे पाणी पातळ पडद्यासारखे सोडले आणि दोन्ही बाजूंना लाल एलईडी लावले. जाळीच्या रुंदीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ताशी सुमारे 50 लिटर पाणी, या हिशेबाने 20 सेंटिमीटर रुंदीला ताशी हजार लिटरचा पंप पुरला. शेवाळ पाण्यातील अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून स्वतःचे शरीर वाढवते. आठ-दहा दिवसांनी जाळी खरवडली की तेवढा मळ टाकीबाहेर जातो. खरवडायचे राहिले, तर मात्र आतला थर उजेडाअभावी कुजतो आणि घेतलेले सगळे परत पाण्यात सोडतो. दिवे मी रात्री चालवतो, त्यामुळे टाकीचा उजेड बंद असताना पाण्यात साचणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ वापरते आणि पहाटे पीएच पूर्वीइतका खाली जात नाही.

परंतु माझा मुख्य मुद्दा पाण्याचा आहे. आमच्या बोअरचे पाणी इतके जड आहे की आर.ओ.मधून एक लिटर शुद्ध पाणी काढताना तीन लिटर वाया जाते. पूर्वी नायट्रेट 40 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 40 भाग) खाली यावे म्हणून मी दर आठवड्याला 45 लिटर पाणी बदलत असे, म्हणजे 135 लिटर सांडपाणी आणि वर मिठाचा खर्च. आता नायट्रेट 5 ते 10 च्या दरम्यान राहते आणि महिन्याला 30 लिटर बदलून भागते. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या मराठवाड्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा फरक मला किरकोळ वाटत नाही.

गोदाकाठ (नांदेड)

पाण्याच्या हिशेबाबद्दल वाद नाही, पण त्यासाठी स्किमरच काढून टाकण्याची गरज काय होती, हे आपल्या लेखनातून कळत नाही. ही दोन यंत्रे एकमेकांना पर्यायी नाहीत. विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात उतरणारे सेंद्रिय पदार्थ स्किमर फेसाबरोबर बाहेर काढतो, बरेचसे तर कुजण्यापूर्वीच. स्क्रबर मात्र ते कुजून त्यांचे अमोनिया आणि नायट्रेट झाल्यावर कामाला लागतो. एक उंबऱ्यावरच केर अडवतो, दुसरा घरात पसरलेला केर झाडतो. शिवाय स्किमर पाण्यात भरपूर हवा मिसळतो.

स्क्रबरचा इतिहासही पाहावा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी ही पद्धत विकसित केली आणि 1982 मध्ये तिचे पेटंट घेतले. 1987 मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे सुरू झालेल्या प्रचंड प्रवाळ-मत्स्यालयाचे पाणी सुरुवातीला शेवाळाच्याच भरवशावर होते. तिथे पाण्याला पिवळसर छटा येण्याची तक्रार राहिली, कारण शेवाळ वाढताना स्वतःही सेंद्रिय द्रव्ये पाण्यात सोडते.

आणि विजेचे काय? मे महिन्यात दुपारी दोन-तीन तास वीज गेली, तर 42 अंशांच्या कोरड्या हवेत आपली जाळी पापडासारखी वाळेल. मेलेले शेवाळ पुन्हा पंप सुरू होताच संपमध्ये धुऊन येईल आणि आपण आठवडाभर साठवलेले नायट्रेट एका दिवसात परत मिळेल.

सातपाकळ्या (परभणी)

मी स्किमर आणि स्क्रबर दोन्ही एकदम चालवून पाहिले आणि हात पोळून घेतले. नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले, याचा मला आठवडाभर अभिमान वाटला. नंतर वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर आला. ते डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) होते. त्यांना हटवायला तीन महिने लागले, आणि त्यासाठी मला पाण्यात नायट्रेट मुद्दाम घालावे लागले. म्हणून गोदाकाठ दादांचे 'दोन्ही ठेवा' हे म्हणणे कमी माशांच्या टाकीला लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

खारेपाणी (छत्रपती संभाजीनगर)

पिवळेपणा मलाही दिसला. टाकीमागे पांढरा कागद धरला की लगेच कळतो. महिन्याला थोडा सक्रिय कोळसा पिशवीत घालून संपमध्ये ठेवतो, तेवढ्याने तो जातो. लाखो लिटरच्या मत्स्यालयाला जे महागात पडते, ते 300 लिटरला मूठभर कोळशात निभावते. त्यामुळे टाउन्सव्हिलचे उदाहरण इथे फारसे लागू होत नाही.

विजेचा आक्षेप खरा आहे, परंतु तो पाणी वरून सोडणाऱ्या जाळीवरचा आहे. बुडालेल्या पेटीत खालून हवेचे बुडबुडे सोडून शेवाळ वाढवण्याची पद्धतही आहे. तीत वीज गेली तरी शेवाळ ओलेच राहते. तिचा हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर तासन् तास चालतो, स्किमरचा पंप बहुतेक घरांत त्यावर कुणी ठेवत नाही.

उलट पातळ पडद्याचा उन्हाळ्यात एक फायदाच होतो. एक लिटर पाणी वाफ होताना इतकी उष्णता घेऊन जाते की तेवढ्याने 300 लिटर पाणी सुमारे दोन अंशांनी थंड व्हावे. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने हे काम इथे मुंबईपेक्षा चांगले होते.

गोदाकाठ (नांदेड)

आणि ते उडालेले पाणी भरून काढायला रोज आर.ओ.चे पाणी लागते, हे आपण आपल्याच हिशेबात धरलेले नाही! उन्हाळ्यात रोज चार लिटर जास्त उडाले, तर वाया जाणाऱ्या पाण्यासह ते 16 लिटर होतात; महिन्याला 480. तुमची पाणीबदलातली बचत मोठी आहे हे मान्य, पण निम्म्याहून अधिक इथेच जाते.

दुसरे, तुम्ही फॉस्फेटचा आकडा दिलाच नाही. तळाला धरून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण 550:30:1 असते. म्हणजे शेवाळ नायट्रोजन भराभर उचलते आणि फॉस्फरस त्या मानाने फारच थोडा. गोठवलेले खाद्य न धुता घालणाऱ्याच्या टाकीत नायट्रेट संपून शेवाळाची वाढ थांबते आणि फॉस्फेट तसेच उरते.

खारेपाणी (छत्रपती संभाजीनगर)

फॉस्फेट 0.12 पीपीएम आहे, हवे त्याहून जास्तच. खाद्य मी धुवत नव्हतो, आजपासून धुतो. बाष्पीभवनाचा हिशेब मात्र खरोखरच माझ्या नजरेतून सुटला होता. या रविवारी पडद्याची जाळी काढून बुडबुड्यांची पेटी लावतो आणि मेअखेरपर्यंत रोज भरलेले पाणी वहीत लिहितो. स्किमर अजून माळ्यावरच आहे, विकलेला नाही.

गोदाकाठ (नांदेड)

वहीत वीज गेल्याच्या वेळाही लिहाव्यात.