मदत हवी आहे : भाचीच्या फुटबॉलसाठी (नागपूर)

मंडळी, भाची आठवीत आहे, जन्म 2012 चा. डाव्या पायाची आहे आणि पळते भन्नाट! 2022 साली मुलींचा 17 वर्षांखालील वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा नवी मुंबईतली फायनल तिने टीव्हीवर पाहिली. स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. आपल्या पोरी मात्र अमेरिकेकडून 8-0 ने हरल्या होत्या. आता ही स्पर्धा 2025 पासून दरवर्षी मोरोक्कोत होते, 2029 पर्यंत. त्या वर्षीही ती वयात बसेल, हा हिशोब तिनेच वहीत मांडून आम्हाला दाखवला. स्वप्न मोठं आहे, माहीत आहे. पण निदान जिल्ह्याच्या संघापर्यंत तरी जाऊ द्या की!

अडचण अशी, की सध्या ती मुलांसोबत खेळते. सामना आला की बाहेर बसवतात. ताईला नागपुरात मुलींचा वेगळा, रोज सराव करणारा गट हवा आहे. सदर किंवा मानकापूरकडे असेल तर उत्तम. कामठीतही चालेल, तिथे फुटबॉलची जुनी हौस आहे, पण संध्याकाळी एकटीला पाठवायचं म्हणजे जरा जीवावर येतं.

दुसरं म्हणजे, तिच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरीच आहे, फक्त आई-वडिलांची नावं. खेळाडू नोंदणीला तो चालतो, की आधी नाव चढवून घ्यावं लागतं? कोणी अलीकडे हे केलं असेल तर कागद कोणते लागले आणि किती दिवस गेले, तेवढं सांगा.