सीएसव्हीच वाचणाऱ्याला मॅटप्लॉटलिब का इन्स्टॉल करायला लावायचं?

कोड_कट्टा
बँक स्टेटमेंट वाचून खर्चाचा हिशोब लावणारी छोटी पायथन लायब्ररी ओपन सोर्स केलीय. मूळ काम सीएसव्हीवर होतं, पण एक्सेलला ओपनपायएक्सएल आणि ग्राफला मॅटप्लॉटलिब लागतं. सध्या दोन्ही कंपलसरी आहेत, आणि लोक म्हणतात मॅटप्लॉटलिबमागून नमपाय, पिलो सगळी वरात येते, आम्हाला कशाला. सगळे इम्पोर्ट वरच ट्राय-एक्सेप्टमधे टाकून, नसेल तर त्या नावाला नन (रिकामी किंमत), असं चालेल का?

रात्रपाळी
चालेल पण नको. युजर भलत्याच ओळीवर अडकतो, एरर म्हणते ननटाइपला अमुक अ‍ॅट्रिब्यूट नाही, त्याला काय कळणार कप्पाळ! पांडाज ही डेटा हाताळणारी लायब्ररी बघ, एक्सेल फाइल वाचायला सांगितली की तेव्हाच ओपनपायएक्सएल शोधतं आणि नसेल तर नाव घेऊन सांगतं. तू पण इम्पोर्ट फंक्शनच्या आत घे, पायप्रोजेक्ट फाइलमधे ऑप्शनल डिपेन्डन्सीजखाली एक्सेल आणि ग्राफ असे दोन एक्स्ट्रा (मागितले तरच इन्स्टॉल होणारे गट) कर आणि एररमधे इन्स्टॉल करायची पूर्ण पिप कमांड दे, कोट्ससकट, कारण त्यात एक्स्ट्राचं नाव चौकोनी कंसात येतं आणि मॅकवर कमांड चालवणाऱ्या झेडशेलला ते कंस कोट्सशिवाय झेपत नाहीत.

जुना_पायथनवाला
बरोबर, फक्त सरसकट इम्पोर्टएरर पकडू नका. पॅकेज आहे पण आतून मोडलंय तरी तीच एरर येते, मग आपण 'इन्स्टॉल करा' सांगतो आणि तो बिचारा परत परत इन्स्टॉल करत बसतो. मॉड्यूलनॉटफाउंडएरर 3.6 पासून आहे, ती पकडा आणि कुठलं मॉड्यूल सापडलं नाही तेही तपासा. शिवाय एक्स्ट्रामधली व्हर्जनची अट एक्स्ट्रा मागितला तरच लागू होते, कोणी ओपनपायएक्सएल आधीच वेगळं टाकलेलं असेल तर पिप काही बोलत नाही, म्हणून कमीत कमी व्हर्जन कोडमधे पण बघा, पांडाज बघतंच. आणि उलटंही होतं, नव्या व्हर्जननेच मोडतं: डिसेंबर 2020 मधे एक्सेल वाचणाऱ्या एक्सएलआरडी लायब्ररीच्या 2.0 ने एक्सएलएसएक्स वाचणंच काढून टाकलं तेव्हा कित्येकांच्या स्क्रिप्ट बंद पडल्या.

कोड_कट्टा
भारी. टेस्टचं काय करू?

रात्रपाळी
सीआयमधे (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था) एक जॉब एकही एक्स्ट्रा न टाकता चालव, हा अजिबात टाळू नकोस. आपल्या लॅपटॉपवर सगळंच असतं त्यामुळे वर चुकून राहिलेला इम्पोर्ट दिसतच नाही. पायटेस्टचं इम्पोर्टऑरस्किप (मॉड्यूल नसेल तर टेस्ट वगळणारं) वापर, पण दुसरा जॉब सगळे एक्स्ट्रा टाकून ठेव, नाहीतर सगळं स्किप होऊन हिरवं दिसेल.

जुना_पायथनवाला
आणि पायटेस्ट, कोड तपासणारं रफ अशी आपल्याच कामाची साधनं एक्स्ट्रामधे कोंबू नका, त्यांना पेप 735 या पायथनच्या मानकातले डिपेन्डन्सी ग्रुप आहेत, ते पॅकेजबरोबर युजरकडे जात नाहीत.